आमरसाचें गोठविलेलें सरबत

गेल्या वैशाखांत आमच्या वहिनींच्या घशावर किरणांचे उपचार चालू होते. तोंड आंतून इतकें सोलवटलें होतें कीं, पेजेचा घोटहि त्यांना नकोसा होई. थंड, गुळगुळीत आणि आंबट नसलेलें कांहीं चालेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. सूनबाईनें त्याच सायंकाळीं बाजारांतून आइस्क्रीम आणलें. परंतु दुधाचा चिकटा घशांत राहतो म्हणून वहिनींनीं दुसऱ्या चमच्यालाच तें बाजूस सारलें. तेव्हां केवळ फळाचा रस, साखर व पाणी यांवर भागणारा, फ्रेंच लोक ज्यास 'सॉर्बे' म्हणतात तो पदार्थ घरीं करून पाहावा, असें माझ्या मनांत आलें. आयुष्यभर खडू धरलेल्या हाताला चुलीची संवय नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें.

हें नांव परकें वाटलें तरी नात्यांतलेंच आहे. 'पिणें' या अर्थाच्या अरबी धातूपासून शरबत झालें. तेंच तुर्कस्तान व इटली या वाटेनें फ्रान्सांत जाऊन सॉर्बे बनलें, आणि आपल्याकडे फारसींतून येऊन सरबत म्हणून नांदलें. आपलें पन्हें मात्र संस्कृत पानकाचें अपत्य. असो, शिक्षकाची खोड जात नाहीं.

पहिला प्रयोग कलिंगडाचा केला. साखर जितकी कमी तितकें पथ्य, या माझ्या समजुतीनें चिमूटभरच घातली आणि डबा रात्रभर फ्रीजरमध्यें ठेविला. सकाळीं उघडून पाहतों तों आंत वरवंटा! चमचा वांकला, पण कपचा निघेना. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. वाटी उशाशीं ठेवून घेतली, तासाभरानें पाणी झालें तें दोन घोट प्यायल्या, आणि म्हणाल्या, "सरबत छान झालंय हो, भाऊजी." त्या स्तुतीनें मला जितकें ओशाळें केलें तितकें कोणत्याहि निंदेनें केलें नसतें.

दोष कोठें होता? नुसतें पाणी गोठतें तेव्हां त्याचा एकसंध दगड होतो. त्यांत साखर विरघळलेली असली म्हणजे प्रथम पाण्याचे स्फटिक वेगळे होऊं लागतात, आणि उरलेला पाक अधिकाधिक दाट होत गेल्यामुळें गोठण्याचें नाकारतो. स्फटिकांच्या मध्यें राहिलेला हा पाकच पदार्थाला मऊपणा देतो. म्हणजे येथें साखर केवळ गोडीसाठीं नव्हे, बांधणीसाठींहि आहे. फळाची स्वतःची साखर धरून एकूण वजनाच्या सुमारें चौथा हिस्सा साखर असावी. फार कमी झाल्यास माझा वरवंटा होतो. तिसऱ्या हिश्श्यावर गेल्यास मिश्रण घट्ट होतच नाहीं. पाश्चात्त्य पाकपुस्तकांत हें पारखण्यासाठीं मिश्रणांत धुतलेलें अंडें तरंगवून पाहण्याची युक्ति सांगितलेली असते. आमच्या माजघरांत ती सांगण्याचेंहि धैर्य मला झालें नाहीं. आम्हीं तराजू बरा म्हटलें.

दुसऱ्या खेपेस पूर्ण पिकलेले हापूस घेतले. आंब्याच्या रसांत शेंकडा चौदा-पंधरा भाग साखर जात्याच असते, कलिंगडांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या हिशेबानें गाळून घेतलेला रस ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. कलिंगडाचा रस तितकाच असेल तर साखर १२५ ग्रॅम घ्यावी आणि पाणी मुळींच घालूं नये. साखर कोमट पाण्यांत विरघळवून तें पूर्ण निवूं द्यावें, मग रसांत मिसळावें. धडधाकट माणसांसाठीं चमचाभर लिंबाचा रस अवश्य घालावा; वहिनींसाठीं मीं तो वगळला. मिश्रण चाखतांना किंचित् अति गोड लागलें पाहिजे, कारण थंडीनें जिभेची गोडीची जाण मंदावते.

हें मिश्रण दोन-तीन तास फ्रीजमध्यें गार करून पसरट स्टीलच्या डब्यांत ओतावें व फ्रीजरमध्यें ठेवावें. तासाभरानें कडा गोठतील. त्या कांट्यानें खरवडून मध्यभागीं आणाव्या, आणि पुढें दर अर्ध्या तासानें चार-पांच वेळां असेंच करावें. येथें आळस उपयोगाचा नाहीं. न ढवळल्यास स्फटिक स्वस्थपणें वाढत राहतात, आणि मोठा स्फटिक सोललेल्या तोंडास कांचेसारखा टोंचतो. शेवटीं मिक्सरमधून क्षणभर फिरवून पुन्हां दोन तास ठेवावें, व वाढण्यापूर्वीं दहा मिनिटें बाहेर काढावें.

ज्यांच्या माळ्यावर अजून जुना आइस्क्रीमचा पॉट असेल, त्यांनीं बर्फाचा चुरा तीन भाग आणि खडे मीठ एक भाग, असे वजनानें थर द्यावे. मिठामुळें बर्फ वितळूं लागतो व वितळण्यास लागणारी उष्णता भांड्यांतून ओढून घेतो. त्यामुळें तें शून्याखालीं जवळ जवळ वीस अंश उतरतें. शोऱ्यानें पाणी गार करण्याची रीत अकबराच्या दरबारीं होती, असें अबुल फजलनें 'आईन-इ-अकबरी'मध्यें नमूद केलें आहे. पॉटाचा एकच धोका: झांकण उघडण्यापूर्वीं तें पुसून घेतलें नाहीं तर खारें पाणी आंत जातें.

हें मला अनुभवानें ठाऊक आहे. १९६७ सालीं मी आठ वर्षांचा होतों आणि वहिनी नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. घरीं पाहुणे होते. 'झालें का' हें पाहण्याच्या उतावळेपणानें मीं झांकण उचकटलें आणि सगळा आमरस खारट केला. आजोबांपुढें वहिनींनीं, "माझ्याच हातून झालं," असें सांगितलें. त्या दिवशीं नव्या सुनेला सर्वांदेखत जें ऐकावें लागलें, तें मीं दाराआड उभा राहून ऐकलें, आणि त्यानंतर अठ्ठावन्न वर्षें मीं त्याविषयीं एक शब्द काढला नव्हता.

आंब्याचें सॉर्बे वाटींत घालून मीं त्यांच्या हातीं दिलें, आणि तें सर्व सांगून टाकलें. वहिनींनीं चमचा तोंडांत धरला, डोळे मिटले, हळू हळू गिळलें. असे सहा चमचे झाले. मग वाटी पुढें करून म्हणाल्या, "आणखी थोडं द्या. या खेपेला मीठ नाही ना गेलं, भाऊजी?"