मुलाच्या मनातलं दार आपल्या किल्लीने उघडत नाही



चौथीच्या वर्गात भागाकार चालू होता. एक मुलगी वहीवर पेन्सिल टेकवून नुसती बसली होती. "काय गं, कुठे अडलं?" असं विचारलं तर म्हणाली, "बाई, गणित आलं की डोक्यात दार लागतं." मी लगेच म्हटलं, "अगं, दार आहे म्हणजे किल्लीही असणारच. पाढे पाठ कर, तीच किल्ली!" माझ्याच वाक्यावर मी खूश. तिने मान हलवली आणि गप्प बसली. पुढचे पंधरा दिवस गणिताच्या तासाला ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

माझं काय चुकलं, ते मला पुढे वाचनातून कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

रूपक म्हटलं की आपल्याला व्याकरणाचं पुस्तक आठवतं. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा. दोन गुणांचा प्रश्न. पण रोजचं बोलणं ऐका. मन भरून येतं, डोक्यावर ओझं असतं, शिकवलेलं डोक्यावरून जातं, पायाखालची जमीन सरकते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात हेच मांडलं: रूपक हा भाषेचा दागिना नाही, आपण विचारच रूपकांतून करतो. आणि त्यातली कितीतरी रूपकं जागेची असतात. वर-खाली, आत-बाहेर, पुढे-मागे.

आता शाळेतली आपली भाषा बघा. "तो मागे पडलाय", "तिचा पाया कच्चा आहे", "याला वर काढायला पाहिजे". मूल 'मागे' आहे म्हटलं की शिक्षण ही शर्यत ठरते. 'पाया कच्चा' म्हटलं की मूल म्हणजे आपण बांधायची इमारत. ही रूपकं आपली आहेत. मुलाला कुणी विचारलेलंच नसतं.

न्यूझीलंडचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड ग्रोव्ह मोठे आघात सोसलेल्या माणसांबरोबर काम करत. 1980 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की माणसं आपलं दुःख प्रतिमांमधून सांगतात: छातीवर दगड, घशात गाठ. उपचार करणारा मात्र नकळत ते शब्द बदलून स्वतःचे शब्द घालतो. म्हणून त्यांनी अगदी साधे प्रश्न तयार केले. तो दगड कसला आहे? नेमका कुठे आहे? त्याच्याबद्दल अजून काही? त्याच्या अगदी आधी काय होतं? मग काय होतं? समोरच्याचे शब्द जसेच्या तसे वापरायचे, स्वतःचं काही मिसळायचं नाही. या पद्धतीला 'क्लीन लँग्वेज' म्हणतात. पुढे जेम्स लॉली आणि पेनी टॉम्पकिन्स यांनी तिचा अभ्यास करून 2000 साली 'मेटाफर्स इन माइंड' हे पुस्तक लिहिलं. ग्रोव्ह यांनी नंतर जागेचाही वापर केला: माणसाने खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहायचं आणि प्रत्येक ठिकाणाहून आपल्याला काय कळतं ते सांगायचं.

हे वाचलं आणि मला माझी 'किल्ली' आठवली. दार तिचं होतं, किल्ली मी घुसवली होती.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "तू म्हणाली होतीस ना, दार लागतं. ते दार कुठे आहे गं?" तिने मानेच्या मागे हात लावला. "कसलं आहे?" "लोखंडी. आमच्या गोठ्याला आहे तसं." "अजून काही त्या दाराबद्दल?" ती थांबली. म्हणाली, "कडी बाहेरून आहे." "आणि ते लागायच्या अगदी आधी काय होतं?" तिने खाली बघत सांगितलं, "तुम्ही घड्याळाकडे बघता."

खरं सांगते, मला बसायला खुर्ची लागली. कडी बाहेरून. आतल्या माणसाला किल्ली देऊन काय उपयोग?

त्यानंतर गणिताच्या तासाला मी घड्याळाकडे बघणं सोडलं, तिला उदाहरणं कमी आणि वेळ जास्त दिला. चमत्कार झाला नाही. भागाकार तिचा अजूनही चुकतो. पण ती लिहिते, आणि मध्येच सांगते, "बाई, अर्धं लागलंय." मला तेवढं पुरेसं आहे, कारण आता ती सांगते.

हीच गोष्ट मोठ्यांच्या कामातही लागू पडते. ब्रिटनमध्ये केटलिन वॉकर यांनी हे प्रश्न आधी शाळेत न टिकलेल्या मुलांसोबत आणि मग संस्थांमध्ये वापरले. आम्हीही शिक्षक बैठकीत एकमेकांना विचारलं, "आपली शाळा उत्तम चालते तेव्हा ती कशासारखी असते?" मुख्याध्यापक सर म्हणाले, घड्याळासारखी. एक मॅडम म्हणाल्या, लग्नघरासारखी. दोघांची वर्षभर वेळापत्रकावरून का जुंपते, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग आम्ही मुलांच्या बाकांवर जाऊन बसलो. शेवटच्या बाकावरून फळ्याचा डावा कोपरा उजेडामुळे दिसतच नाही! आम्ही 'लक्ष नसतं' म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी फळ्याची जागा बदलली. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची गरज पडली नाही.

तुम्ही म्हणाल, "वर्गात चाळीस मुलं, कुणाकुणाला विचारत बसू?" सगळ्यांना नकोच. एका मुलाला, दोन प्रश्न, दोन मिनिटं. 'कुठे आहे?' आणि 'अजून काही?' पालकांनाही हे जमेल. मूल म्हणालं "पोटात गोळा येतो", तर "घाबरायचं नाही, वाघ आहेस तू" असं लगेच म्हणू नका. त्याला वाघ नको असतो. आधी त्या गोळ्याचं ऐका.

एक मर्यादा मात्र पाळा. आपण समुपदेशक नाही. मूल नको म्हणालं तर तिथेच थांबायचं, खोदून काढायचं नाही. आणि बोलण्यातून अत्याचाराची शंका आली तर प्रश्न विचारत बसू नका. मुलांच्या मदतीसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे.

आपण शिक्षक लोक दृष्टान्त द्यायला फार उत्सुक असतो. तो आपला धंदाच आहे म्हणा ना! पण धडा शिकवताना दृष्टान्त आपला असू द्या. मूल स्वतःबद्दल सांगत असेल, तेव्हा मात्र त्याचं दार त्याचंच राहू द्या. कडी कुठल्या बाजूने आहे, हे तेच सांगेल. आणि कदाचित ती आपल्याच हाताने लागलेली असेल, हे ऐकायची तयारी ठेवा.