मागच्या चाकांचे डोहाळे

जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क बसवली की ट्रक पुन्हा तरुण होतो, असे सांगणारा एक पंथ निघाला आहे. या पंथाशी माझे भांडण आहे. मी साधा बी. कॉम., बँकेतला कारकून. ट्रकशी माझा संबंध कर्जाच्या फायलीपुरता. पण कुठला खर्च आधी करावा, एवढे मला कळते.

डिस्क वाईट, असे मी म्हणत नाही. ती उघड्यावर असते, लवकर निवते, पाण्यातून आली तरी लगेच कोरडी होते. ड्रम तापला की फुगतो, ब्रेक शूपासून लांब जातो आणि पेडल खाली बसते. सगळे मान्य! पण ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो आणि रिकाम्या ट्रकची मागची बाजू तर आधीच हलकी. तिथे ब्रेक जास्त लागला की चाके जाम होतात आणि शेपूट तोंडाच्या पुढे यायला बघते. मागच्या ब्रेकने घरजावयासारखे वागावे; कामाला हजर, पण आवाज बेताचा.

अमेरिकेत जुन्या पिकअपसाठी डिस्कचे तयार संच मिळतात. तिकडची ती हौस आहे. रविवारी पुसायची, सोमवारी झाकायची. पण खुद्द शेवरलेटने 1999 च्या सिल्व्हरॅडोला मागे डिस्क दिली आणि 2005 मध्ये पुन्हा ड्रम बसवले. फोक्सवॅगनच्या आयडी.3 या 2020 च्या विजेच्या मोटारीलाही मागे ड्रमच! आता त्या जर्मनांना आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडे शिकवणीला पाठवायचे काय?

शिवाय डिस्क एकटी येत नाही, लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी लवाजमा घेऊन येते. कॅलिपरला तेल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर बदला. फिरता ड्रम शूला स्वतःच ओढून घेतो, डिस्कला ती सवय नाही, म्हणून जोर वाढवा. ड्रमच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप तशीच राहिली, तर पॅड घासत राहतात. पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी पुन्हा करा. आणि हँडब्रेक? ड्रममध्ये तो आयता मिळतो, इथे वेगळी सोय करा. एक नोंद बदलून ताळेबंद जुळत नसतो, महाराज!

आपल्याकडचा जुना ट्रक ही हौस नव्हे, पोटाची गाडी आहे. तिचे लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेले, व्हील सिलिंडर गळतोय, ब्रेक ऑईल वर्षानुवर्षे तेच. हे तेल हवेतले पाणी पिते आणि तापले की लवकर उकळते. वर हौद्यात परवान्याबाहेरचा माल, आणि घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये. अशा गाडीला चारी चाकांना सोन्याची डिस्क लावली तरी ती थांबेल कशी? आणि तिच्यापुढे स्कूटरवर एक बाप, मागे बायको, मध्ये पोर असे चाललेले असतात. त्यांना डिस्क आणि ड्रम यांतला फरक ठाऊक नसतो. ट्रक थांबला की नाही, एवढाच फरक त्यांना कळतो.

तेव्हा लायनर बदला, ड्रमला टर्निंग मारा, तेल बदला, माल बेताने भरा आणि ज्या गिअरात घाट चढता त्याच गिअरात उतरा. एवढ्यासाठी कर्ज हवे असेल तर खुशाल या. अर्ज मी माझ्या हाताने भरून देईन. आणि तोही जेवणाच्या सुट्टीत!