रिकामे महिने कोणाच्या खर्चाने?

दिवाळी अंकांचे गठ्ठे विक्रेत्यांकडे रवाना झाले की मुंबई-पुण्यातील चित्रकार, मांडणीकार, मुद्रितशोधक आणि अनुवादक यांच्या घरी एकाएकी शांतता पसरते. आषाढापासून आश्विनापर्यंत ज्यांना रात्र अपुरी पडत होती, त्यांच्या दारी कार्तिकात कोणी फिरकत नाही. चातुर्मासात मुहूर्त नाहीत म्हणून लग्नाची छायाचित्रे काढणारा घरी बसतो. कलकत्त्याच्या कुमारटुलीतील मूर्तिकार दुर्गा, लक्ष्मी व कालीच्या मूर्ती मंडपात पोहोचल्या की सरस्वतीपूजेची मागणी येईपर्यंत वाट पाहतो. हंगाम आणि बिनहंगाम ही जोडी या देशात नवी नाही. नवी आहे ती तिच्याभोवती रचण्यात आलेली नीतिशिकवण.

या शिकवणुकीचे नाव 'हसल'. अमेरिकी धंदेवाईक बोलीतून आलेल्या या शब्दात ढकलाढकल आणि लबाडी हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत, ही गोष्ट तिचे प्रचारक सहसा सांगत नाहीत. काम नसलेला महिना हा आळसाचा पुरावा आहे. तो नव्या ग्राहकांना पत्रे धाडण्यात, नवे सॉफ्टवेअर शिकण्यात, रोज एक चित्र समाजमाध्यमांवर चढविण्यात आणि जोडधंदा उभारण्यात खर्ची पडला पाहिजे, असे ती सांगते. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला. त्यावर देशभर संताप उसळला, कारण पगारी नोकरास तास वाढविणारा मालक समोर दिसत होता. स्वतंत्र कलावंताची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तास वाढविणारा मालक त्याच्याच डोक्यात नेऊन बसविण्यात आला आहे.

यातील यंत्रणा मार्क्सने 1867 मध्येच उलगडून दाखविली होती. 'भांडवल'च्या पहिल्या खंडातील उक्त्या मजुरीवरील प्रकरणात त्याने दाखविले की मजुरी नगावर बेतली की मुकादमाची गरज उरत नाही. कामगार स्वतःच स्वतःला जुंपून घेतो आणि त्याच्या वाढलेल्या वेगानेच पुढे दर खाली येतात. आजचा चित्रकार पानावर मजुरी घेतो, अनुवादक शब्दावर. दर घटला की तो अधिक पाने रंगवितो. सर्वांनी अधिक पाने रंगविली की दर आणखी घटतो.

परंतु रिकाम्या महिन्याचा प्रश्न याहूनही मूलभूत आहे. अग्निशामक दलाच्या जवानास आग लागलेली नसतानाही वेतन मिळते आणि त्याबद्दल कोणी त्याला आळशी म्हणत नाही. त्याचे सज्ज असणे हीच समाजाला हवी असलेली सेवा आहे. पुढील आषाढात प्रकाशकास मुखपृष्ठ हवे असते, तेव्हा तो ज्या हातांवर विसंबून असतो, ते हात मधल्या आठ महिन्यांत कोणी तरी पोसलेले असतात. बोटांतील सफाई कोणी तरी टिकविलेली असते. हा खर्च वास्तविक मुखपृष्ठाच्या किमतीचा भाग आहे. प्रकाशक तो देत नाही. देते ती कलावंताची नोकरी करणारी पत्नी, त्याच्या आईचे निवृत्तिवेतन किंवा पतपेढीचे कर्ज. 'हसल'चा उपदेश हा न दिलेला खर्च झाकतो आणि वर कलावंतालाच कमी उद्योगी ठरवितो.

शिवाय या धडपडीचे फळ कोणाच्या पदरात पडते? रोज चढविलेल्या चित्राभोवती जाहिरातीची जागा विकली जाते. तो पैसा कंपनी घेते. 'ओळख वाढेल' या आशेने दिलेला विनामूल्य नमुना प्रकाशक वापरतो आणि दुसऱ्याला कामच मिळत नाही. रिकाम्या महिन्यांत निम्म्या दराने पत्करलेले काम हंगामातही निम्म्याच दराने मागितले जाते. एकट्याने केलेली धडपड ही अशा रीतीने सर्वांच्या दरावर पडणारी कुऱ्हाड ठरते.

हसलचा कंटाळा आलेल्यांसाठी बाजाराने दुसरा मालही सिद्ध ठेवला आहे: 'संथ जगा', डोंगरावर चार दिवस राहा, मन शांत करा. ज्याच्या गाठीला सहा महिन्यांचे घरभाडे आहे, त्याने अवश्य जावे. इतरांना शांततेचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास लंघनाचे महत्त्व पटविणे होय.

कलावंत हा आपल्या साधनांचा मालक, म्हणजे लहान का होईना धंदेवाला, त्याचे कसले शोषण, असा आक्षेप कष्टकऱ्यांच्या चळवळीतूनही अधूनमधून ऐकू येतो. हातमाग विणकराचा मागही त्याच्याच घरात असतो. म्हणून सावकार-व्यापाऱ्याने केलेली त्याची पिळवणूक खोटी ठरत नाही. हप्त्यावर घेतलेला संगणक माणसास मालक बनवीत नाही. आणि कला आवडीने होते म्हणून तिचा मोबदला अर्धा, हा युक्तिवाद तर मिल्टनच्या काळापासून चालत आला आहे. 1667 मध्ये 'पॅरेडाइज लॉस्ट'च्या हस्तलिखितापोटी त्याच्या हाती प्रथम पाच पौंड पडले होते.

बिनहंगाम हा सामाजिक प्रश्न मानता येतो, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननासाठी ही बंदी आवश्यक आहे, हे कोळी बांधवही जाणतात. या दिवसांत जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते. तरीही 'नव्या संधी शोधा' एवढे सांगून सरकारला सुटता आले नाही. मच्छीमाराच्या बचतीत केंद्राने व राज्याने भर घालून बंदीच्या काळात साहाय्य देण्याची योजना आखावी लागली. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढलीच पाहिजे. पण रिकामे महिने हा कोळ्याचा दोष नाही, हे तत्त्व तिच्यात मान्य झालेले आहे.

फ्रान्समधील नाट्य व चित्रपट क्षेत्रातील हंगामी कलावंत आणि तंत्रज्ञ याच्याही पुढे गेले. ठरावीक मुदतीत 507 तास काम केल्याचे दाखविल्यास मधल्या रिकाम्या काळात त्यांना बेकारी भत्ता मिळतो. 2003 मध्ये ही मुदत बारा महिन्यांवरून आखडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा संप झाला आणि त्या वर्षीचा आविन्यों येथील जगप्रसिद्ध नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. बदल तेव्हा लादले गेलेच. परंतु झगडा थांबला नाही आणि 2016 मध्ये बारा महिन्यांची मुदत परत मिळाली. चित्रकार वा लेखक या तरतुदीत येत नाहीत, ही तिची मर्यादा. तिथल्या नटांना हे कोणाच्या औदार्याने लाभलेले नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

आपल्याकडे काय आहे? 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' व मंचांवरील कामगारांची दखल घेतली आहे. परंतु त्यांच्यासाठी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणी द्यावयाची आहे ती मध्यस्थ कंपन्यांनी. थेट प्रकाशकाकडून काम घेणाऱ्या चित्रकारामागे असा कोणी वर्गणीदार उभा नाही. त्याच्या कामी येईल असा कायदा निराळाच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे 45 दिवसांपलीकडे लांबविता येत नाही. लांबविल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एकट्या कलावंतासही अशी नोंदणी करता येते. कार्तिकात हात बांधून बसलेल्या चित्रकाराची निकड बहुधा नवे काम आणण्याची नसून भाद्रपदात पोहोचविलेल्या कामाचे पैसे वसूल करण्याची असते. पण एकट्याने व्याज मागितले तर पुढील वर्षी त्याला बोलावणे येत नाही, हे मागणारा आणि देणारा दोघेही ओळखून असतात. म्हणून हा कायदा बहुतेकांसाठी कागदावर राहिला आहे.

तो कागदावरून उतरवावयाचा तर रिकामे महिने एकट्याच्या धडपडीत घालविण्याऐवजी एका शहरातील पन्नास जणांनी एकत्र बसण्यात घालवावे लागतील. किमान दरपत्रक, निम्मी रक्कम आगाऊ, थकबाकीदार प्रकाशकांची सामाईक यादी, व्याजाची मागणी सर्वांच्या वतीने एका पत्राने. आणि विनामूल्य नमुना कोणीही द्यावयाचा नाही. या शेवटच्या अटीसाठी ना कायदा लागतो ना निधी. पुढील आषाढात कामे वाटली जाण्यापूर्वी ती ठरविता येते.