शर्यतीत कोणी उतरावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटरसायकलच्या शर्यतीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु शर्यतीत कोणती गाडी घ्यावी आणि कोणती दारातूनच परत पाठवावी, हा प्रश्न इंजिनाचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे. न्यायाची चर्चा करायला आपल्या शाखेइतकी योग्य जागा दुसरी कोणती?

शर्यत आपल्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. शंकरपटाचे नाव निघाले की म्हातारी माणसेही उठून बसतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, २०२१ च्या डिसेंबरात ते अटींवर पुन्हा सुरू झाले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. या अटी पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. बैलांना इजा करू नका, असे कायदा बजावतो. जोडी कोणाची, कोणत्या गावची, हे तो विचारीत नाही. शिवाय बऱ्याच पटांत नावाजलेल्या जोड्यांचा गट निराळा असतो आणि गावच्या शेतकऱ्याच्या जोडीचा निराळा. त्याला कोणी पक्षपात म्हणत नाही. आपल्या गावकऱ्यांना जे कळते, ते मोटरसायकलच्या जगाला कळायला मात्र बराच काळ लागला.

मोटरसायकलच्या शर्यतीत गट पाडायचे माप म्हणजे सी. सी., अर्थात इंजिनाच्या पोटातील जागा. सगळी इंजिने एकाच जातीची असतील तर हे माप ठीक आहे. पण वेगळ्या जातीचे इंजिन आले की माप डळमळते. इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीच्या रोटरी गाडीत खालीवर होणारा पिस्टनच नव्हता. साहजिकच तिचे सी. सी. कसे मोजायचे यावरच वाद माजला. तिला दार उघडे राहिले म्हणून १९९२ साली स्टीव्ह हिस्लॉपने तिच्यावर बसून आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टी. टी. शर्यत जिंकली. ती शर्यत आजही शौकीन लोक आठवतात.

जे दार पेट्रोलच्या वेगळ्या इंजिनाला उघडले, तेच पुढे विजेवरच्या गाडीला उघडले, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. १२ जून २००९ रोजी त्याच बेटावर विजेवरच्या मोटरसायकलींची पहिली शर्यत झाली. पुण्याचे कपिल शेळके आणि त्यांचे सहकारी स्वतः बनवलेली गाडी घेऊन तिथे गेले आणि खुल्या गटात तिसरे आले. मुख्य गटात पहिली आलेली 'अग्नी' ही गाडीही गुजरातेत विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीची. तिचा सरासरी वेग होता ताशी सुमारे १४१ किलोमीटर. त्याच वर्षी तिथे पेट्रोलच्या गाडीने २१२ चा वेग गाठला होता. दोघांना एका रेषेवर उभे केले असते तर विजेची गाडी हास्यास्पद ठरून घरी गेली असती. निराळा गट मिळाला म्हणून ती टिकली, आणि २०१९ पर्यंत विजेच्या गाडीचा वेग १९६ वर पोचला. शेळके यांच्या 'टॉर्क' कंपनीची गाडी २०२२ साली बाजारात आली, तिचे मूळही त्या शर्यतीतच आहे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, हवे ते येऊ दिले तर शर्यतीची सर्कस होईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. १९५७ पर्यंत गाड्यांचे पुढचे चाक पूर्ण झाकणारी कवचे वापरली जात. त्यांनी वेग वाढे, पण आडवा वारा आला की गाडी हातात राहीना. पुढल्या वर्षापासून त्यांवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. उलट २००२ साली ५०० सी. सी. च्या टू-स्ट्रोक गाड्यांबरोबर ९९० सी. सी. च्या फोर-स्ट्रोक गाड्या एकाच गटात उतरवल्या. त्या मोसमातील सोळाही शर्यती फोर-स्ट्रोकनेच जिंकल्या. नाव स्पर्धेचे, पण निकाल नियम लिहितानाच लागला होता!

म्हणून माझे मत असे की, नियमाने वेगळ्या गाडीला दोनच प्रश्न विचारावेत. तुझ्यामुळे स्वाराच्या वा इतरांच्या जिवाला धोका आहे काय? आणि तुला इतरांच्या मापाने मोजता येते काय? धोका असेल तर खुशाल नकार द्यावा. मोजता येत नसेल तर निराळा गट द्यावा. मात्र "तू आमच्यासारखी दिसत नाहीस" हे नकाराचे कारण होऊ नये. आणि नियम बदलायचा तर मोसमापूर्वी सर्वांना सांगून बदलावा. कोणी जिंकू लागल्यावर नव्हे.

आपल्या देशात आज ट्रॅक आहेत ते चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा अशा दूरच्या ठिकाणी. तिथले बहुतेक गट कंपन्यांच्या ठरावीक मॉडेलांसाठी. २०२३ साली टी. व्ही. एस. ने विजेच्या गाड्यांची स्पर्धा सुरू केली ही आनंदाची गोष्ट. पण त्यातही सर्वांनी त्याच कंपनीची एकच गाडी चालवायची. स्वाराचे कौशल्य तिथे दिसते, गाडी बनवणाऱ्याचे दिसत नाही. भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या गॅरेजात एखादा पोरगा जुन्या सांगाड्यात नवी मोटार बसवीत असेल, तर त्याने ती पळवून पाहावी कुठे? त्याला रीतसर मैदान नाही, म्हणजे उरतो हमरस्ता; आणि हमरस्त्यावरच्या शर्यतीचा शेवट काय होतो, हे वर्तमानपत्रात आपण वाचतोच.

खुला गट ही काही मेहेरबानी नव्हे. तपासणी कडक ठेवा, शिरस्त्राण आणि ब्रेक यांत तिळमात्र सूट देऊ नका, पण दार उघडे ठेवा. ज्या शर्यतीत काय येणार हे आधीच ठाऊक असते, तिथे लोक निकाल पाहायला जातात. ज्या शर्यतीत काहीतरी नवे येऊ शकते, तिथे ते शर्यत पाहायला जातात.