खातेवहीत न लिहिलेले देणे

सप्टेंबर १९९४. पर्युषण पर्व आणि गणेशोत्सव नुकतेच आटोपले होते. हिरे आणि कापड यांच्या उलाढालीत गढलेल्या सुरत शहरात फुफ्फुसाच्या विकाराने अत्यवस्थ झालेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागले आणि 'प्लेग' हा शब्द उच्चारला गेला. पुढील काही दिवसांत लाखो माणसांनी मिळेल त्या वाहनाने शहर सोडले. त्यांत हातावर पोट असणारे मजूर होते, तसे पेढ्यांचे मालकही होते. कित्येक खाजगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून निघून गेले. मृत्यू सुमारे पन्नास झाले. परंतु काही देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबविली, मालाची मागणी रद्द झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेली बाजारातील पत काही दिवसांत डळमळली.

सुरत दरिद्री नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. १९७१ मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये पंधरा लाखांवर गेली, ती येथे काम होते म्हणूनच. सौराष्ट्र, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि आपला खानदेश येथून माणसे यंत्रमागांवर व हिऱ्यांच्या घंटीवर कामाला आली. कारखाने वाढले, नफा वाढला. मात्र गटारे, नळ आणि शौचालये त्या प्रमाणात वाढली नाहीत. त्याच महिन्यात तापीच्या पुराचे पाणी सखल वस्त्यांत शिरले आणि ते ओसरल्यावर चिखल व कचरा तेथेच राहिला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर शहराने वर्षानुवर्षे एक देणे खातेवहीत लिहिलेच नव्हते. न लिहिल्याने देणे नाहीसे होत नाही, त्यावर व्याज मात्र चढत राहते.

त्या व्याजाचा मोठा भाग गरिबांनी भरला. ज्या घरात दहा माणसे एका खोलीत झोपतात आणि पावसाळ्यात गटाराचे पाणी उंबऱ्यापर्यंत येते, तेथे रोग आधी पोहोचतो आणि औषध उशिरा. परंतु श्वासावाटे पसरणारा रोग वस्तीच्या सीमेवर थांबत नाही. मागावरचा कामगार, दुकानातील नोकर, घरातील स्वयंपाकीण यांच्याबरोबर तो हवेलीच्या दारापर्यंत येतो. आरोग्यातील विषमता ही केवळ गरिबांची अडचण नसते. ती साऱ्या शहराची उघडी राहिलेली खिडकी असते.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून रुजू झाले. त्यांनी नवे रुग्णालय उभारण्यापासून आरंभ केला नाही. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले आणि त्याबरोबर जबाबदारीही दिली. अधिकाऱ्यांनी सकाळी वातानुकूलित खोलीत न बसता रस्त्यावर उतरावे, दुपारी एकत्र येऊन पाहिलेल्या उणिवांचा त्याच दिवशी निकाल लावावा, असा दंडक घातला. रात्रीची झाडलोट सुरू झाली. झोपडवस्त्यांत फरसबंदी, पाणी, दिवे आणि शौचालये पोहोचू लागली. दवाखान्यांतून रुग्णांची माहिती गोळा होऊ लागली, त्यामुळे कोणत्या वस्तीत ताप वाढतो आहे हे वेळीच कळू लागले.

लोकांचा विश्वास बसला तो आणखी एका कारणाने. अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडला, तेव्हा धनिकांची व वजनदार मंडळींची बांधकामे सुटली नाहीत. अस्वच्छ उपाहारगृहे व मिठाईची दुकाने यांवर नाव न पाहता कारवाई झाली. नियम सर्वांना सारखा आहे, हे दिसल्यावर सामान्य माणूस दंडही भरू लागला आणि करही. दोन वर्षांच्या आत, ज्या शहराचे नाव घाणीसाठी घेतले जात होते, त्याची गणना देशातील अत्यंत स्वच्छ शहरांत होऊ लागली.

विशेष म्हणजे यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. सुरतेचा कारभार ज्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने चाले, त्याच कायद्याखाली पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर येथील महापालिकाही काम करीत आल्या आहेत. अधिकार कागदावर होतेच. त्यांचा रोज वापर करणारे हात आणि त्या हातांमागे उभे राहणारे नागरिक मिळाले, इतकाच काय तो फरक.

येथे व्यापारी समाजाचा प्रश्न उपस्थित होतो. जैन परंपरेत आहारदान, शास्त्रदान व अभयदान यांबरोबर औषधदानाचे स्थान आहे आणि समाजाने धर्मादाय दवाखाने उभारून ते व्रत निष्ठेने पाळले आहे. परंतु दूषित पाण्याने आजारी पडलेल्याला औषध देणे हे अर्धे दान होय. तो आजारीच पडू नये अशी व्यवस्था करणे हे त्याचे उरलेले अर्धे. जीव परस्परांच्या आधाराने जगतात, हे तत्त्व व्याख्यानात ऐकायला गोड वाटते; गोदामामागच्या गल्लीत मात्र त्याची परीक्षा होते.

कारखान्यातील कामगार राहतो कोठे, त्याच्या वस्तीत नळाला पाणी किती वेळ येते, दुकानातील मुनीम व हमाल यांच्यासाठी शौचालय आहे काय, मालमत्ताकर वेळेवर व पूर्ण भरला जातो काय, दुकानापुढील ओटा गटारावर तर बांधलेला नाही ना, हे प्रश्न साधे आहेत. उत्तरे अवघड जातात. प्रभागाच्या नगरसेवकाला भेटताना केवळ पार्किंगची व जकातीच्या जुन्या थकबाकीची कैफियत न मांडता मागच्या वस्तीतील तुंबलेल्या गटाराचीही मांडली, तर तेही औषधदानच ठरेल.

दिवाळीला चोपडीपूजन करताना येणे-देणे तपासले जाते. त्या वहीत शहराच्या देण्यासाठी एक पान राखून ठेवावे. सुरतेने ते पान कोरे ठेवल्याची किंमत मोजली, आणि ते भरल्यावर पत कशी परत मिळते हेही दाखवून दिले.