बरे वाटले म्हणून गोळी बंद नको

ताप उतरला की औषध थांबवायचे, हा घराघरातला हिशेब. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेमका तोच चुकतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. तिथे सूज येते, व्रण होतात, शौचातून रक्त आणि आव पडते. अनेक जण मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहतात. निदान झाल्यावर मेसालामाइन किंवा सल्फासालाझिनच्या गोळ्या सुरू होतात, काही आठवड्यांत रक्त थांबते आणि पुढे रुग्ण आपणहून गोळ्या सोडून देतो.

रक्त थांबले तरी आजार गेलेला नसतो, फक्त दबलेला असतो. शिकागोतील ९९ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात राहिला. हयगय करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्केच होते. जपानचे शिंझो आबे यांना याच आजाराने २००७ मध्ये पंतप्रधानपद सोडावे लागले. औषधोपचाराने सावरून ते २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. २०२० मध्ये आजार उलटल्याने त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. कोलायटिस असा वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

दुसरी चूक स्टेरॉइडची. आजार भडकला की प्रेडनिसोलोन उपयोगी पडते, पण ते रोजच्या राखणीचे औषध नाही. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून घेत राहिल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, दबलेला क्षयरोगही डोके वर काढू शकतो. ते एकदम बंद करणेही धोक्याचे. गर्भ राहिला म्हणून मेसालामाइन परस्पर थांबवू नये; भडकलेला आजार आई आणि बाळ दोघांनाही अधिक घातक असतो.

मात्र सगळा दोष रुग्णाच्या माथी मारता येणार नाही. नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘सुपर’मध्ये गडचिरोली, गोंदियाहून, तसेच सीमेपलीकडच्या बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण येतात. एका फेरीत दोघांचे बसभाडे जाते, मजुरी बुडते. शासकीय आरोग्य योजनांचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे; घरी रोज खायच्या गोळ्या बहुधा स्वतःच्याच पैशाने घ्याव्या लागतात. पैसे संपले की गोळी सुटते.

मेसालामाइन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते औषधाच्या खिडकीवर मिळाले तरच त्या यादीला अर्थ. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिल्या जातात. त्याच धर्तीवर, आजार स्थिर असलेल्या कोलायटिसच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला हव्यात. मानवत असेल त्याला स्वस्तातले सल्फासालाझिन फॉलिक ॲसिडसोबत देता येते.

इतक्या दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तपासण्या राहून जातील, अशी शंका रास्त आहे. अझाथायोप्रिन घेणाऱ्याला रक्तपेशींची, तर मेसालामाइनवरील रुग्णाला वर्षातून एकदा मूत्रपिंडाची तपासणी लागतेच. पण ही रक्ततपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते आणि अहवाल फोनवरून नागपूरला पाठवता येतो. प्रत्यक्ष येणे भाग आहे ते आजार भडकल्यास, आणि साधारण आठ वर्षांनंतर कर्करोगाची शक्यता तपासणाऱ्या दुर्बिणीसाठी. धानकापणीच्या दिवसांत नागपूरची फेरी टळली, तर गोळी चुकण्याचे एक मोठे कारणही टळेल.