कुशलप्रश्न आणि इंग्रजीचा तास

वऱ्हाडात इंग्रजी आली ती कचेरीच्या दारातून. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला, त्यानंतर हुकूम, अर्ज, फैसला आणि दाखला यांच्या संगतीने ती तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत येऊन पोहोचली. आणि अर्जदाराने साहेबापुढे कोणत्या शब्दांत लवावे याचे जे ठरीव साचे तिने बरोबर आणले, तेच पुढे आमच्या शाळांतून शिष्ट इंग्रजीचा नमुना म्हणून घोकून घेतले गेले. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते, संवादांचे धडेही पुस्तकांत आले. तरी आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील दहावीचा चांगला विद्यार्थी रजेचा अर्ज निर्दोष लिहितो आणि अनोळखी इंग्रजीभाषकाशेजारी दोन मिनिटे उभे राहण्याचा प्रसंग आला की मुका होतो, ही वस्तुस्थिती बहुतेक शिक्षक-वाचकांच्या परिचयाची आहे.

या मौनाचे खापर आपण बुजरेपणावर फोडतो. पण हाच मुलगा शेगावच्या दर्शनबारीत किंवा चिखलीच्या बसस्थानकावर शेजारच्या माणसाला ‘कोन्त्या गावचे, पाव्हने?’ असे विचारून पाच मिनिटांत त्याच्या मेहुण्याच्या विहिरीला पाणी किती, इथपर्यंत जाऊन पोहोचतो. घाटाखालची बोली निराळी, घाटावरची निराळी. बोलणे सुरू करण्याचे कसब मात्र दोन्हीकडे सारखेच. माहिती देण्याकरिता नव्हे, तर केवळ माणसामाणसांतील बंध जुळविण्याकरिता होणाऱ्या या भाषणव्यवहाराला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली, ट्रोब्रिअंड बेटांवरील आपल्या अनुभवाच्या आधारे, शास्त्रीय नाव दिले. आमच्या पारांवर तो नावावाचून पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आला आहे. तेव्हा या मुलांना बोलके करण्याची जबाबदारी आपल्यावर नाहीच. परक्या समाजाचे संकेत कामापुरते कसे पाळावेत, एवढेच त्यांना दाखवावयाचे आहे.

हवामानाचा विषय घ्या. दोन इंग्रज भेटले की प्रथम हवेविषयी बोलतात, अशी थट्टा डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने १७५८ सालीच करून ठेवली आहे. तेथे हा विषय निवडला जातो तो निरुपद्रवी म्हणून, ज्यावरून कोणाचे मन दुखावत नाही आणि कोणाचे काही अडत नाही म्हणून. मेहकर-लोणारकडच्या मुलाला तो निरुपद्रवी कसा वाटावा? सोयाबीन फुलोऱ्यावर असताना पावसाने दडी मारली, म्हणजे त्याच्या घरचा वर्षाचा ताळेबंद कोलमडतो. म्हणून ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ या पाहुण्याच्या उद्गारावर तो ‘नो सर, नो रेन, अवर सोयाबीन इज ड्राइंग’ असे उत्तर देतो, जे अर्थाने स्वच्छ आणि वस्तुतः सत्य असूनही समोरच्याला गोंधळात टाकते. अशा उत्तरावर लाल रेघ ओढणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पाहुणा हवेचा अहवाल मागत नसून होकाराची वाट पाहत आहे, एवढे त्या मुलाला सांगावे. प्रथम ‘येस, इट इज’ असा दुजोरा द्यावा आणि मग ‘बट वी आर वेटिंग फॉर रेन’ म्हणत सोयाबीनकडे खुशाल वळावे. आपले दुःख त्याने गिळावे असे कोणी म्हणत नाही. फक्त क्रम बदलावयाचा आहे.

याहून मोठा अपराध आपल्या वर्गातील ‘पूर्ण वाक्यात उत्तर दे’ या शिरस्त्याचा. ‘डू यू लिव्ह इन मलकापूर?’ ‘येस, आय लिव्ह इन मलकापूर.’ ही साक्षीदाराची उलटतपासणी झाली. चालत्या बोलण्यात ‘येस, निअर द स्टेशन. अँड यू?’ असे तुटक उत्तरच सभ्य ठरते, कारण त्यात प्रश्नाची परतफेड आहे.

प्रश्नांची निवड हा मात्र नाजूक भाग. पगार किती, लग्न झाले का, मुले किती, ही आपल्याकडील आपुलकीची विचारपूस. आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जातीची चौकशी दडलेली असते, आणि तिची पाठराखण आम्ही मराठीतही करणार नाही. इंग्रजीत पहिल्या भेटीला हे सारेच वर्ज्य. मग विचारावे काय? लोणारला उल्काघाताने बनलेले, बेसाल्ट खडकातील सरोवर पाहावयास आलेल्या परदेशी अभ्यागताचा नाव, देश, वय असा जबाब नोंदविण्यास मुले उतावीळ असतात. वास्तविक दोघांच्याही डोळ्यांसमोर पाणी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. ‘इट टर्न्ड पिंक वन जून, यू नो’ एवढ्या वाक्याने पाहुणा आपण होऊन बोलू लागेल, आणि त्याचे नाव-गाव न विचारताच कळेल.

दहावीच्या भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे गुण २०१८-१९ साली रद्द झाले, निकाल घसरला, आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. या गुणांकडे आपण निकालाचा टेकू म्हणून पाहतो, हे त्यावरून पुरते उघड झाले. तो टेकू राहीना का. परंतु सराव घेताना तरी आमच्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी अशी तजवीज करावी, की विद्यार्थ्याने उलट एखादा उचित प्रश्न परीक्षकाला विचारल्याखेरीज दोन गुण मिळू नयेत, आणि ‘हॅड युअर टी, मॅडम?’ असे कोणी विचारले, तर मॅडमनी त्याला गप्प न बसविता चहा झाला की नाही ते सांगावे.